चाळीस पावलं

मालवण, ८ जानेवारी

मेल्विना,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. टाइप केलेलं आहे आणि त्यात सख्ख्या बहिणीला 'आपण' म्हटलं आहे. 'आपल्या अकरा मधपेट्या माझ्या हिश्श्याच्या जागेतून दहा तारखेच्या आत हलवाव्यात, घराच्या पायाचं काम सुरू होत आहे.' सही मात्र तुझ्या हातची. ती मी जरा जास्त वेळ पाहत बसले.

पेट्या हलवल्या. परवा, सहा तारखेला, दिवस मावळताना. शेवटची माशी आत येईपर्यंत थांबावं लागतं. पेंडूरचा गुरुदास मदतीला आला होता. त्याची काजूची बाग आहे आणि माझ्याकडे शिकून त्यानेही चार पेट्या ठेवल्यात. पेटीचं दार म्हणजे बोटभर उंचीची फट. ती ओल्या फडक्याने बंद केली की आतला आवाज बदलतो. आधी गुणगुण असते, मग लांबून समुद्र ऐकू यावा तसं काहीतरी. दोघांनी दोन बाजूंनी पेटी धरायची आणि पावलाला पाऊल जुळवून चालायचं. लाकडातून ऊब लागते. आत आठ-दहा हजार जीव असतात आणि वजन झोपलेल्या मुलाएवढं.

आता त्या माझ्या बाजूला, मधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे, कोकमांच्या सावलीत आहेत. तुझ्याकडे फक्त खुणा राहिल्यात: पेटीखालच्या प्रत्येक लाकडी घोडीच्या चार पायांखाली, मुंग्या चढू नयेत म्हणून, पाणी भरून ठेवलेल्या करवंट्यांचे वाटोळे खळगे. अकरा चोक चव्वेचाळीस. हरिश्चंद्र गवंडी म्हणाला, पाया खणताना जातील.

तुझ्या हिश्श्यात आता माझं काही नाही.

फ्लाव्हिया


१२ जानेवारी

मेल्विना,

हरिश्चंद्राने तुला फोन केलाच असेल. त्याला दोन डंख झाले, एक कानाच्या पाळीला आणि एक डाव्या पापणीला. मी काटे नखाने खरवडून काढले, तुळशीचा पाला लावला. तो म्हणाला, "घराकडे गेलंय तर बायलेन माका वळखल्यानच नाय. म्हणाली, गवंडी घराकडे नाय, सांजेक येवा." तो हसला, पण काम थांबलंय. त्याचे गडी त्या बाजूला पाय टाकायला तयार नाहीत.

काय झालं ते सांगते. सात तारखेच्या सकाळी मी पेट्यांची दारं उघडली. माश्या बाहेर पडल्या, रोजच्या वाटेने काजूकडे आणि माडांकडे गेल्या, आणि परतताना सरळ तुझ्या जागेत गेल्या. माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. म्हणून पेटी हलवायची तर तीन फुटांच्या आत नाहीतर तीन किलोमीटरच्या पलीकडे, असा नियम आहे. मधल्या अंतरावर ठेवली तर ती ओळखीच्या खुणा धरून जुन्या ठिकाणीच येते. घाईत हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

तू ते पाहू नयेस, पण तुला सांगावंसं वाटतं. पेट्यांची दारं जमिनीपासून जेवढ्या उंचीवर होती, बरोबर तेवढ्याच उंचीवर, मोकळ्या हवेत, अकरा लहान ढग तरंगत असतात. कुणी वीतभर वर नाही की खाली नाही. सकाळचं ऊन तिरपं येतं तेव्हा पंखांची नुसती चमक दिसते, माशी दिसतच नाही. प्रत्येकीच्या मागच्या पायांना माडाच्या फुलांचा फिकट पराग चिकटलेला. ओझं घेऊन आलेल्या आणि दार कधी उघडतंय याची वाट बघत उभ्या राहिलेल्या बायकांसारख्या. काही थोड्या वेळाने माझ्याकडची पेटी शोधून काढतात. पुष्कळशा काढत नाहीत. संध्याकाळी त्या जमिनीवर, खणलेल्या मातीवर, एकमेकींना बिलगून बसतात. सकाळी गारठलेल्या असतात.

मी तासन्‌तास बघत बसते. बघत बसावं असं ते दृश्य आहे, आणि बघत बसणं बरोबर नाही, हेही कळतं.

तू तूर्त येऊ नकोस. तुला एक डंख पुरतो हे मी विसरलेले नाही.

फ्लाव्हिया


१५ जानेवारी

मेल्विना,

आज तू फोनवर होतीस आणि मी हरिश्चंद्राच्या शेजारी. सात वर्षांनी तुझा आवाज ऐकला. थोडा जाड झालाय. शाळेत शिकवणाऱ्यांचा वर्गात ओरडून होतो तसा. तुला फक्त आमचे आवाज ऐकू आले. इथून ते कसं दिसत होतं ते लिहून ठेवते.

हरिश्चंद्राने फोन स्पीकरवर टाकला आणि बाजारात सुरमई दाखवतात तसा दोन्ही हातांवर माझ्यापुढे धरला. तू म्हणालीस, "हरिश्चंद्र, तिका विचार, काढलेल्यो माश्यो परत कश्यो इल्यो?"

"बाय, त्या विचारतत–"

"ऐकलं मी."

"त्येनी ऐकल्यानी," त्याने तुला कळवलं.

"मगे उत्तर देऊक सांग."

"उत्तर देवा म्हणतत."

माझ्यापुढे, त्याच्या खांद्यापलीकडे, ते अकरा ढग तरंगत होते. मी म्हटलं, "चुकान झाला."

"चुकान झाला म्हणतत."

"चुकान?" तू म्हणालीस. "किडे-मुंगये शिकान बी.एस्सी. झाली ती! गावभर लोकांका पेट्यो हलवूक शिकवता. आणि तिची चुकी?"

हरिश्चंद्राने एका उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "ह्यासुद्धा सांगू काय?"

"नको," मी म्हटलं.

"बरा, मगे ह्या सांग," तू म्हणालीस. "पंचवीस तारखेक मी येतंय. फादरांका सांगान ठेवलंय. पायार पवित्र पाणी शिंपडताना मी थंय उभी रवतलंय. मगे माश्यो असांदे नायतर वाघ असांदे."

फोन बंद झाला. हरिश्चंद्र तो खिशात घालत म्हणाला, "एका फोनार बोलूक नको तुमका, आणि एका गडग्याक लागान रवतल्यात? गडगो उंच बांधूचो तर आताच सांगा."

मला हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. तू येणार. पाया तिथेच खणलाय, जिथे माझी सात नंबरची पेटी होती. आणि तुझा हट्ट मला ठाऊक आहे. 'वाघ असांदे' म्हटलंस म्हणजे तू उभी राहणार.

आज फोनवर मी पुन्हा एकदा म्हटलं, चुकून झालं. तुला आणि त्याला, दोघांना. हे पत्र आत्ता टाकत नाही. विचार करते.

(टाकलं. यातलं जे खरं आहे ते तरी पोचू दे.)

फ्लाव्हिया


१७ जानेवारी

मेल्विना,

मी रोजनिशी लिहिते हे तुला माहीत आहे. लहानपणी तू ती चोरून वाचायचीस आणि जेवताना माझ्याच आवाजात म्हणून दाखवायचीस. पप्पा हसायचे, माय तुला चमचा मारायची. आता मी स्वतःच उतरवून देते. सहा जानेवारी, संध्याकाळ: 'अकरा पेट्या हलवल्या. चाळीस पावलं. उद्या परत जातील.'

शेवटचे तीन शब्द मी सात तारखेच्या सकाळच्या आधी लिहिलेत. म्हणजे घाई नव्हती, विसरही नव्हता.

पहिली पेटी उचलली तेव्हा गुरुदास थबकला होता. "बाय, हयसर ठेवतंस? सकाळी त्यो परत थंयच जातल्यो गो!"

"माका म्हायत आसा."

"म्हायत आसा, तर मगे? माझ्या बागेत न्हेऊया. टेम्पो हाडतंय."

"तू धर," मी म्हटलं. त्याने धरली. मी त्याची गुरू ना. जाताना चहाला मात्र थांबला नाही.

असं मी का केलं, हे मी तीन दिवस स्वतःला विचारते आहे. आधी वाटलं, काम थांबलं की तू येशील, भांडायला का होईना, पण गडग्याशी येऊन उभी राहशील आणि मला 'आपण' म्हणणार नाहीस. हे कारण लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळेच त्याच्यावर माझा भरवसा नाही. जे कारण मला इतकं शोभून दिसतं, ते पुरतं खरं नसणार. दुसरंही काही होतं. तुझं पत्र वाचल्यावर मनात आलं होतं की ही जागा कुणाची ते माश्यांनाच विचार म्हणावं. तू खुणेचे खुंट रोवलेस, मोजणी करून घेतलीस, आणि त्या मात्र दुसऱ्या सकाळी सगळ्या तिथेच जातील. मला ते बघायचं होतं. सात तारखेला त्या तशा आल्या तेव्हा मला आनंद झाला होता, मेल्विना. दारावाचून तरंगणाऱ्या त्या माश्या बघताना मला इतकं सुंदर वाटत होतं, त्यात हा आनंदही होता. बारा तारखेच्या पत्रात मी त्याचं नुसतं वर्णन केलं.

हजारो माश्या गारठून मेल्या. हरिश्चंद्राचा डोळा गेला असता. आणि तू आली असतीस तर.

सात वर्षांपूर्वीचा एप्रिल आठव. तू सुट्टीला आली होतीस, मध काढायला हौसेने उभी राहिलीस आणि मानेला एक डंख झाला. रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ सुजून तुझा चेहरा दुसऱ्याच कुणाचा झाला होता आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून तू विचारलंस, "आता पेट्यो काढतलंस मगे?" मी म्हटलं, "बघूया."

नाही म्हटलं असतं तर तू चिडली असतीस, भांडली असतीस, पुढच्या नाताळला आली असतीस. हो म्हटलं असतं तर पेट्या गेल्या असत्या. मी बघूया म्हटलं आणि बघितलंच नाही. तू येणं थांबवलंस. मायच्या पुरण्याला आलीस तीही परस्पर चर्चमध्ये, आणि तिथूनच गेलीस. लोकांना मी सांगत आले की बहीण रागीट आहे.

पंचवीस तारखेच्या आत जागा मोकळी करते. कशी, ते ठरवलंय.

फ्लाव्हिया


२१ जानेवारी

मेल्विना,

पेट्या पेंडूरला गेल्या. अठराच्या संध्याकाळी गुरुदास टेम्पो घेऊन आला. मी त्याला फोनवर एवढंच म्हटलं होतं, "तुझा बरोबर होता." तो म्हणाला, "ता माका तेव्हाच म्हायत होता. दोर हाडू काय?"

दारं बंद केली, पेट्यांना दोर आवळले, मधे पेंढा भरला. मी मागे पेट्यांमध्ये बसले. रस्ता वाईट नाही, पण वळणावर अकराही पेट्या एकदम कण्हतात. चौके गावापर्यंत खारा वारा लागत होता, पुढे तो संपला आणि काजूच्या मोहोराचा वास सुरू झाला. उग्र आणि गोड, थोडा शिळ्या दारूसारखा. अंधार पडत होता. मी दोन्ही हात दोन पेट्यांवर ठेवले होते आणि मला वाटत होतं की आम्ही कुठे जात नसून झाडंच आमच्या बाजूने परत चाललीत.

बागेत गेल्यावर प्रत्येक पेटीच्या तोंडाशी एक पानांची डहाळी टेकवून ठेवली. सकाळी बाहेर पडताना माशी अडखळते, हे आपलं नेहमीचं नाही हे तिला कळतं, आणि ती मागे वळून, तोंड पेटीकडे ठेवून, हळूहळू मोठी होत जाणारी वर्तुळं घेत नवी जागा शिकते. एकोणीसच्या सकाळी मी ते बघितलं. दहा वाजेपर्यंत सगळ्या आपापल्या दारी परतत होत्या.

तुझ्या जागेत मागे राहिलेल्यांसाठी एक रिकामी पेटी ठेवली होती, आत एक जुनी पोळ्याची चौकट. तुला न विचारता ठेवली, हे सांगून टाकते. दिवसभर भरकटलेल्या माश्या संध्याकाळी तिच्यात शिरायच्या, मग गुरुदासच्या मोटारसायकलवरून पेंडूर. पहिल्या संध्याकाळी ओंजळभर होत्या. काल सतरा. आज सकाळपासून मी खुर्ची टाकून बसले होते. चार आल्या.

चोवीसपर्यंत एकही नसेल असं वाटतं. पण आधी खोटं लिहिल्यावर 'माझ्या शब्दावर विश्वास ठेव' म्हणायचा हक्क मला उरलेला नाही, म्हणून हरिश्चंद्राला फोन करून विचार. त्याची पापणी अजून अर्धी मिटलेली आहे, पण मोजायला एक डोळा पुरे. शिवाय डंखावरचं इंजेक्शन पर्समध्ये ठेव. यायचं की नाही ते तू ठरव.

आणि एक. तीन आठवडे लांब ठेवल्या की माश्या जुनी जागा विसरतात, मग त्यांना परत माझ्या बाजूला आणता येतं. गुरुदासने तसं गृहीत धरलंय. मी त्याला आज सांगितलं की आणणार नाही. तू शेजारी राहणार असशील तर इथे पेटी असणार नाही, एकही. दवाखान्याच्या बाकावर विचारलं होतंस त्याचं हे उत्तर. उशिरा आलंय, पण त्यात 'बघूया' नाही.

फ्लाव्हिया


२८ जानेवारी

मेल्विना,

तू आलीस.

गाडी गडग्याजवळ थांबली आणि तू बराच वेळ काचा लावून आत बसलीस. मी पहाटेपासून तिथे होते. साडेनऊला एक माशी आली होती, सात नंबरच्या जागी थोडा वेळ तरंगली आणि माडांकडे निघून गेली. हे मी तुला काचेतून ओरडून सांगितलं. फादरना वाटलं असेल बाईचं डोकं फिरलंय. तू मान हलवलीस, पर्स उघडून आतलं इंजेक्शन बघितलंस, आणि उतरलीस. केस पांढरे झालेत तुझे. माझ्याहून जास्त.

कुणाला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी बोलायची हरिश्चंद्राला सवय आहे. त्याने फादरना सुरुवातीलाच सांगून टाकलं, "बायच्यान चुकान झाला हो, फादर. आता सगळा साफ आसा."

मी म्हटलं, "चुकून नाही. मी मुद्दाम तिथे ठेवल्या होत्या."

फादरनी हातातल्या पुस्तकात बघितलं. हरिश्चंद्राने पापणीला हात लावला आणि म्हणाला, "मुद्दाम? मगे एक बाटली म्हव माका व्हयो."

"मधाच्या दोन देते," मी म्हटलं.

तू पायाच्या खड्ड्याकडे बघत होतीस. म्हणालीस, "फादर, शिंपडा. ऊन वाढता." मला वाटतं तू ओठ दाबून हसू आवरत होतीस. नसशीलही. मला जे हवं असतं ते मला दिसतं, हे आता मला ठाऊक आहे, म्हणून खात्रीने लिहीत नाही.

जेवायला तू थांबली नाहीस. मी सोलकढी केली होती, तिसऱ्यांचं सुकं केलं होतं. आग्रह केला नाही. गाडी सुरू झाल्यावर तू काच हातभर खाली केलीस आणि पहिल्यांदा मला, थेट मला, विचारलंस, "मगे आता तूपण थंय पेंडुराक जातलंस रवाक?"

मी उत्तर दिलं नाही. तू थांबलीस. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. मग काच वर गेली.

तुला वाटलं असेल की हिचं पुन्हा तेच. तसं नव्हतं. गुरुदासच्या बागेत एक खोली आहे, पंपाशेजारी. पेट्या नेल्या त्या संध्याकाळी तो म्हणाला होता, "बाय, खोली मोकळीच आसा." आणि पेट्यांशिवायचं घर मला कसं लागतंय ते सांगू? सकाळी चहा घेऊन मी मागच्या दारी जाते आणि कोकमांच्या खाली काहीच नसतं. वारासुद्धा कमी झाल्यासारखा वाटतो. कान काहीतरी शोधत राहतात. दोनदा मी पिशवी भरली आणि परत रिकामी केली. तू विचारलंस त्या क्षणी मला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी 'नाही' म्हटलं असतं तर ते तुला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं असतं. तसलं उत्तर मला तुला द्यायचं नव्हतं. तीन दिवस लागले.

तेव्हा नीट लिहिते. नाही. मी पेंडूरला राहायला जाणार नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीने जाईन, पेट्या बघेन, आणि संध्याकाळच्या गाडीने परत येईन. आल्यावर आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय तुझ्या अंगणात पाय टाकणार नाही. बाकीचे दिवस मी इथेच असेन, गडग्याच्या या बाजूला. घर पुरं झाल्यावर तू जूनमध्ये राहायला येशील तेव्हाही, आणि तू आलीच नाहीस तरीही.

पायाचे चिरे काल बसवले. हरिश्चंद्र म्हणाला, चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला हवं, नाहीतर सिमेंट धरणार नाही, आणि त्याचा माणूस दुपारनंतर थांबत नाही. माझ्या विहिरीवरून पाइप ओढून घेतलाय. आज सकाळचं मारून झालं. संध्याकाळचं मारायला आता उठते.

तुझी,
फ्लाव्हिया